गुरुजी आमच्या घरचेच

नांदेडात साठी ओलांडलेल्या कुठल्याही शिकल्यासवरल्या माणसासमोर नरहर कुरुंदकर हे नाव काढून बघा. माणूस आधी डोळे मिटतो. मग चष्मा काढून पुसतो. मग खुर्ची पुढं ओढून म्हणतो, "गुरुजी? अहो, मी तर त्यांच्या घरचाच!"

"म्हणजे नातेवाईक?"

"नातं कशाला लागतं? चहा! त्यांच्याकडं किती चहा प्यालो असेन, त्याला हिशोब नाही."

हिशोब नाही म्हणतात तो यांच्याकडं नाही. माझ्याकडं आहे, कारण गेले काही महिने मी हे कप मोजत फिरतोय. वजिराबादेत प्यालेले, नांदेडच्याच श्रीनगरातून पायी जाऊन प्यालेले, इतवाऱ्यातून सायकलवर जाऊन प्यालेले, रात्री दोनला प्यालेले आणि पहाटे गाडी चुकली म्हणून परत जाऊन प्यालेले. एकानं तर तरोडा नाक्याच्या सिग्नलला रिक्षा थांबवून, मागं वळून, सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होईपर्यंत आपला कप सांगितला. या सगळ्यांची बेरीज केली तर गुरुजींच्या घरात स्वयंपाकघर नसून एस.टी.चं कँटीन होतं असंच मानावं लागतं. आणि बेरजेत निम्मी सूट दिली, तरी चहा उकळत असताना त्यांनी पुस्तकं लिहिली कधी, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ही मोजणी मी हौसेनं करत नव्हतो. मराठवाड्यातल्या शिक्षकांवर एक स्मरणिका निघायची होती आणि तिच्या संपादकांनी मला फोन केला होता.

"दोन गुरुजी द्या. एक मोठे, नांदेडचे. एक लहान, लातूरचे. लातूरचे खाणावळ पण चालवायचे म्हणे. तेवढीच चव येईल."

मी म्हटलं, "कुरुंदकरांच्या विचारांवर लिहू का?"

"विचार नको. विचारांची पानं लोक उलटून पुढं जातात, आणि समोरच्या पानावर जाहिरात असते. जाहिरातदार नाराज होतो. आठवणी घ्या."

म्हणजे ज्या माणसानं नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत आणि गांधी-नेहरूंपासून शिवाजी महाराजांपर्यंत कशाकशावर विचार केला, त्याच्यावरचा लेख विचार वगळून लिहायचा. मी होकार दिला. विचार वगळून लिहिणं मला जमतं, असं घरात पूर्वीपासून मानलं जातं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (नांदेडात असं कुणी नाही, पण स्मरणिका पुण्यालाही पाठवणार होते): १५ जुलै १९३२ चा जन्म, गाव वसमत तालुक्यातलं कुरुंदा. शिक्षणासाठी हैदराबादला मामांकडं, म्हणजे डॉ. नांदापूरकरांकडं राहिले. इंटरच्या परीक्षेनं त्यांना एकाहून जास्त वेळा नापास केलं. नांदेडला प्रतिभा निकेतन हायस्कुलात शिक्षक झाले, मग पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक, आणि शेवटी तिथलेच प्राचार्य. पण गाव त्यांना शेवटपर्यंत गुरुजीच म्हणत राहिलं. 'रूपवेध', 'जागर', 'शिवरात्र', 'धार आणि काठ' ही पुस्तकं त्यांची. रणजित देसाईंना लिहिलेलं त्यांचं पत्र 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना म्हणून छापलेलं आहे. ही कादंबरी आपल्याकडं घरोघरी आहे. तिची मधली पानं हाताळून मऊ झालेली असतात आणि प्रस्तावनेची पानं मात्र दुकानातून आणल्यासारखी करकरीत असतात, हे मी ज्यांच्या ज्यांच्या घरी गेलो तिथं गुपचूप तपासून आलोय. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादला एका कार्यक्रमात व्यासपीठावरच हृदयविकाराचा झटका आला आणि गुरुजी गेले. पन्नाशीसुद्धा झाली नव्हती.

ही शेवटची तारीख लक्षात ठेवणं मला गरजेचं होतं, कारण आठवण सांगणाऱ्यांना तिची अडचण वाटत नसे.

"गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, पोरा, लिहीत जा," एका बँकेतल्या साहेबांनी मला सांगितलं. साहेबांचे केस काळे होते. रंगवलेले असतील म्हणून मी मुळांकडं पाहिलं, तीही काळीच.

"साहेब, आपला जन्म?"

"चौऱ्याऐंशी."

"गुरुजी ब्याऐंशीत गेले."

साहेब क्षणभर थांबले. मग म्हणाले, "मग वडिलांच्या पाठीवर ठेवला असेल. पाठ घराण्यातलीच की!"

मी लिहून घेतलं.

जन्मतारखा जमणाऱ्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांच्या आठवणी ऐकता ऐकता एक चमत्कार ध्यानात यायला लागला. कुरुंदकर म्हणजे मराठवाड्यातलं बोलण्याचं विद्यापीठ. विषय द्या आणि समोर बसा, तास कधी सरला कळायचं नाही, अशी त्यांची ख्याती. पण मी गोळा केलेल्या आठवणींत गुरुजी बोलतच नाहीत! ते ऐकतात. बोलतो तो समोरचा.

"मी गुरुजींना म्हणालो, गुरुजी, मार्क्सचं इथं चुकलं. गुरुजी म्हणाले, खरंय."

"मी त्यांना तासभर ज्ञानेश्वरी समजावून सांगितली. गुरुजी म्हणाले, वा!"

"मी म्हणालो, गुरुजी, तुमचा लेख वाचला, पण तिसरा मुद्दा मला पटला नाही. गुरुजी हसले फक्त."

एवढ्या भाषणांचा धनी असलेला माणूस आपल्याच आठवणींत "खरंय", "वा" आणि "चहा घे" या तीन वाक्यांवर दिवस काढतो. शेवटी मी एका निवृत्त प्राध्यापकांना धीर करून विचारलं, "सर, त्या रात्री गुरुजी स्वतः काय बोलले?"

"ते बरंच बोलले की."

"पण काय?"

"ते आता नेमकं आठवत नाही," सर म्हणाले. "पण त्यावर मी काय म्हणालो, ते ऐका."

भविष्यवाणीचीही तीच गत. गुरुजींनी ज्याला त्याला "तू मोठा होणार" असं सांगून ठेवलेलं होतं. विमा एजंटाला सांगितलं होतं, कंत्राटदाराला सांगितलं होतं, दोन वेगवेगळ्या पक्षांतल्या दोन माजी नगरसेवकांना सांगितलं होतं. माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत, कारण आमची भेटच झाली नाही. आणि हे दुःख मला या मोहिमेत इतकं टोचायला लागलं, की एका रात्री मी बायकोला म्हटलं, "आमच्या वडिलांची बदली नांदेडला होती तेव्हा आपण एकदा गुरुजींकडं..."

"आपण?" बायको म्हणाली. "तुम्ही तेव्हा रांगत होतात."

"रांगत गेलो असेन."

माझी आत्या नांदेडातच असते. आत्याचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आत्यानं ऐंशी ओलांडलीय. ऐकू कमी येतं, दिसतं मात्र सगळं. तिला मी माझी चहाची यादी वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत शांत बसली आणि म्हणाली,

"चहा प्याले ते सगळे सापडले का?"

"जवळजवळ."

"कप कुणी विसळले, ते कुणी सांगितलं का?"

वही चाळली. कुणीच सांगितलं नव्हतं.

मग आत्या स्वतःच सुरू झाली. आपल्याकडं मास्तर आणि मुक्कामाची जागा या दोन गोष्टी पहिल्यापासून एकाच दारात राहिल्यात, हे तिला पुस्तकं न वाचता ठाऊक होतं. निजामाच्या राज्यात मराठी पोराला शिकायचं तर गाव सोडणं आलं आणि गाव सोडलं की जेवायचं कुठं हा प्रश्न आला. १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते. पुढं स्वामीजी अंबाजोगाईला गेले आणि १९५० ला नांदेडचं पीपल्स कॉलेज त्यांनीच उभं केलं. कॉलेज झालं म्हणून काही पोट आपोआप भरत नाही. पोरं वार लावून जेवायची, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. वर्गात मास्तर ज्याला कोपऱ्यात उभं करायचे, तोच संध्याकाळी मास्तरांच्या पंगतीला बसलेला असायचा.

"आमच्याकडं गुरुवारचा एक होता," आत्या म्हणाली. "आता लई मोठा साहेब झालाय. पेपरात फोटो येतो."

"त्याच्याबद्दल काय आठवतं?"

"ताट न उचलता उठायचा."

साहेबांच्या सत्कारात ही आठवण कुणी सांगणार नाही. मला मात्र आतापर्यंतच्या सगळ्या कपांहून ती जास्त भरवशाची वाटली.

मोठे गुरुजी झाले, आता लहान गुरुजी. त्यांच्या पुण्यस्मरणाच्या कार्यक्रमाला लातूरला जायचं होतं. मी नांदेडहून रेल्वेत बसलो आणि पाटीवर 'लातूर' ही अक्षरं दिसताच पिशवी घेऊन रुबाबात उतरलो. गाडी बिदरकडं निघून गेल्यावर पाटीवरचा दुसरा शब्द वाचला: रोड. लातूर रोड. आजूबाजूला ऊन, दोन कुत्री आणि एक चहावाला.

"लातूर कुठंय?"

"तिकडं. तीसेक किलोमीटर."

"मग याला लातूर का म्हणतात?"

"लातूर कोन म्हनतंय? रोड म्हनत्यात," चहावाला म्हणाला. "हाय की रोड. रोडनं जावा."

२०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा ते बरोबर लातुरात उतरलं होतं. लाखो लिटर पाण्याला जे कळलं, ते मला कळू नये याचं वैषम्य वाटून मी तिथं एक चहा घेतला. हा कप मी यादीत धरला नाही.

पुढं एका काळीपिवळीत जागा मिळाली. शेजारी निलंग्याकडचे एक गृहस्थ होते, मुलीला लातूरला क्लासला घालायला निघालेले. त्यांनी माझ्या हातातले कागद सरळ वाचायला घेतले.

"कोन म्हनायचे हे?"

"कुरुंदकर गुरुजी. मोठे विचारवंत."

"इंटरला नापास?" गृहस्थांचा चेहरा पडला. "कोनता क्लास लावला होता?"

"तेव्हा क्लास नव्हते हो."

"तरीच!" ते म्हणाले आणि कागद परत देताना मुलीला दिसणार नाही असे उलटे धरून दिले.

लातुरात शिरलं की कळतं, मास्तर आणि मुक्काम ही जोडी अजून फुटलेली नाही. उलट तिला सीसीटीव्ही बसलाय. उद्योग भवनाच्या बाजूला गेलात तर एका खांबावर सात-आठ पाट्या: फिजिक्स, हॉस्टेल, मेस, अभ्यासिका, फिल्टरचं पाणी, मुलींसाठी वेगळी सोय, घरच्यासारखं जेवण. घरच्यासारखं जेवण हवं म्हणून घर सोडून आलेली हजारो पोरं पाठीवर दप्तरं घेऊन एका पाटीखालून दुसऱ्या पाटीखाली जात असतात. रिक्षावाल्यानं मला बसायच्या आधीच विचारलं, "नीट का जेईई?" मी म्हटलं, "पुण्यस्मरण." तो म्हणाला, "तो क्लास नवा दिसतोय."

आमचे लहान गुरुजी या पाट्यांच्या फार आधीचे. गंजगोलाईच्या एका बोळात त्यांची खाणावळ होती. साडेपाचपर्यंत शाळेत मराठीचे सर, सहापासून गल्ल्यावर. औसा, निलंगा, अहमदपूर, रेणापूर इकडची पोरं तिथं मेंबर. खाणावळीत शिरताना एक फळा लागायचा. त्यावर वरच्या ओळीत सुविचार आणि खालच्या ओळीत भाजी. एकदा म्हणे वर 'नेहमी खरे बोलावे' आणि खाली 'आज भाजी: पनीर' असं लिहून आलं. पोरांनी ताटात पाहिलं आणि सरांना सुविचार वाचून दाखवला. दुसऱ्या दिवसापासून सुविचार भाजी बघून ठरायला लागला.

सरांचा कायदा एकच होता, पण कडक. गावी जायचं असेल तर खाडा धरायचा, आणि खाडा हवा तर अर्ज द्यायचा. प्रति, विषय, महोदय, आपला आज्ञाधारक, सगळं रीतसर. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की खाडा नामंजूर. एक मेंबर दिवाळीला पंधरा दिवस घरी चकल्या खात होता आणि 'सुट्टी'तला सु दीर्घ काढल्यापायी लातुरात पंधरा दिवस जेवल्याचे पैसे त्याच्या खात्यावर चढत होते. दुसरा नियम उशिरा येणाऱ्यांसाठी. नऊनंतर आलात तर ताटाआधी प्रश्न यायचा.

"मीठभाकर. समास कोणता?"

"समाहार द्वंद्व, सर."

"बस. वाढा रे याला."

ज्यानं तत्पुरुष सांगितला, त्याला भाकरी मिळायची, पण सकाळची. जिल्ह्यातल्या एका पिढीचं व्याकरण असं भुकेपोटी पक्कं झालंय.

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. वकील, डॉक्टर, डाळ मिलवाले, तीन मुख्याध्यापक. मंचामागं भला मोठा फलक आणि त्यावर 'पूण्यस्मरण'. सगळे सरांचेच विद्यार्थी, सगळे त्या फलकासमोर उभं राहून फोटो काढत होते. सर असते तर अख्ख्या सभागृहाचा खाडा नामंजूर झाला असता. सरांचा मुलगा तेवढा शांतपणे मार्कर घेऊन स्टुलावर चढला आणि दीर्घाचा ऱ्हस्व करून उतरला.

भाषणं सुरू झाली. पहिले वक्ते वकील. "सरांनी माझ्याकडून जेवणाचा एक पैसा कधी घेतला नाही!" टाळ्या. दुसरे डॉक्टर. "घरची गरिबी. सर म्हणाले, पैशाचं नाव काढू नकोस!" टाळ्या. तिसरे, चौथे, पाचवे... कुणाकडूनच सरांनी काही घेतलं नव्हतं. डाळ मिलवाल्यांकडूनसुद्धा नाही, आणि त्यांच्या घरी तेव्हाही दोन ट्रक होते. मी कागदाच्या कोपऱ्यात गणित मांडायला लागलो. वर्षानुवर्षं रोज दोन वेळा एवढी ताटं फुकट वाढून तो माणूस पेन्शनीपर्यंत पोचला कसा? शेजारच्या आजोबांना मी हळूच विचारलं, "तुम्ही पैसे द्यायचात का हो?"

"मी द्यायचो," आजोबा कुजबुजले. "पण हे इतकं ऐकल्यावर आता सांगू कसं?"

आभाराला मुलगा उभा राहिला. त्याच्या हातात पिशवी होती. पिशवीतून त्यानं एक लांबट लाल वही काढली. पाठीला दोरी, कोपरे झिजलेले. सभागृहातल्या ज्यांनी ती वही पाहिली होती, त्यांनी ती ताबडतोब ओळखली. समोरच्या रांगेत एकदम खोकला सुरू झाला.

"बाबा जाताना म्हणाले होते, कुणाकडं मागू नकोस," मुलगा माइकमध्ये म्हणाला. "मी मागत नाही. आज सगळ्यांनी एवढ्या आठवणी सांगितल्या. बाबांनी पण काही लिहून ठेवल्यात. त्या फक्त वाचून दाखवतो."

"वेळ फार झालाय," अध्यक्ष म्हणाले.

"थोडक्यात वाचतो. जून १९७४. औसा. बाकी..."

इतक्या वर्षांपूर्वीच्या आमटीचा वास अजून नाकात असल्याचं ज्यांनी शपथेवर सांगितलं होतं, त्यांना आता १९७४ साल अंधुक व्हायला लागलं. आपण त्या वर्षी उदगीरला होतो की काय, अशी शंका एकानं मोठ्यानं बोलून दाखवली. डॉक्टरांना मोबाइलवर पेशंट आला. मोबाइल वाजला नव्हता, पण पेशंट आला. दोन मुख्याध्यापक मात्र मंचावर चढून मुलाच्या खांद्यावरून वहीत डोकावत होते. ते स्वतःचं नाव शोधत असावेत असं मला वाटलं, पण ते एकमेकांचं शोधत होते.

"अहो, हे तर व्याजाशिवायच मांडलंय!" एकजण कौतुकानं ओरडला. त्यामुळं धीर येऊन मागच्या रांगेतले डाळ मिलवाले उठले. दाराकडं दोन पावलं टाकून थांबले.

"माझं नाव कितव्या पानावर आहे?"

मुलानं पानं उलटली. "चव्वेचाळीस."

"आत्ता कितवं चाललंय?"

"दोन."

"मग हरकत नाही," डाळ मिलवाले म्हणाले. "तोवर आम्ही चहा घेऊन येतो."